पाव तासाची शुश्रूषा



विडी वळणाऱ्या बाईचा माल मोजून घेतला जातो आणि मुकादमाच्या डोळ्याला न पटलेल्या विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जातात. गिरणीतले कापड तपासणीच्या मेजावर उलगडतात, आणि एखादा धागा सुटला असेल तर तो दिसतो. मालाचा कस पाहण्याच्या ह्या रीती आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. त्यांच्यापायी भांडण्यातच आमचे अर्धे आयुष्य गेले. पण अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या वृद्धाला त्याच्याच घरात कोणी अंघोळ घातली, त्याचे कपडे बदलले, त्याला दोन घास भरविले, तर त्या कामाचा कस कोणत्या मेजावर उलगडून पाहायचा? तेथे तपासनीस नसतो. दार लोटलेले असते. आत दोघेच असतात. एकाला बोलण्याचे त्राण नसते, आणि दुसरीला बोलायला सवड नसते.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही आज श्रोत्यांना विलायतेत नेणार आहोत. विलायतेचे कौतुक करण्याचा हेतू त्यात मुळीच नाही. आपल्याकडे हे काम घराच्या चार भिंतींआड चालते आणि त्याची कागदोपत्री नोंद जवळजवळ होत नाही. तिकडे मात्र ह्याच कामाची शंभराहून अधिक वर्षांची दप्तरे आहेत. कायदे आहेत, चौकशी अहवाल आहेत, न्यायनिवाडे आहेत, आणि संपही आहेत. आमचे इंग्रजी रात्रशाळेतले. परंतु युनियनच्या कामापायी सरकारी अहवाल चिवडण्याची जी खोड लागली ती सुटलेली नाही. त्या दप्तरांतून आम्हांला जे उमगले ते असे: शुश्रूषेचा कस सेविकेच्या मनाच्या मोठेपणावर जितका अवलंबून असतो, त्याहून अधिक तो तिच्या पदरी किती वेळ टाकला आहे ह्यावर अवलंबून असतो. हे विधान आम्ही आता इतिहासाच्या कसोटीला लावतो.

इतिहासाचा आरंभ लिव्हरपूल शहरात होतो. विल्यम रॅथबोन नावाच्या एका धनिक व्यापाऱ्याची पत्नी १८५९ साली वारली. तिच्या आजारपणात मेरी रॉबिन्सन ह्या परिचारिकेने घरी येऊन तिची सेवा केली होती. पैशाला तोटा नसलेल्या आपल्या घरातही जाणत्या हातांवाचून इतके अडले, तर गरिबाच्या खोलीत काय होत असेल, असा विचार रॅथबोनच्या मनात आला. त्याने मेरी रॉबिन्सन ह्यांनाच तीन महिन्यांच्या बोलीवर पगार देऊन गरीब वस्तीत पाठविले. महिनाभरात बाई परत आल्या आणि ‘हे दैन्य पाहवत नाही, मला मोकळे करा’ म्हणू लागल्या. रॅथबोनने त्यांची समजूत घातली. तीन महिने पुरे झाले तेव्हा मात्र त्यांनी आपण होऊनच हे काम पुढे चालविण्याचे ठरविले. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांच्या सल्ल्याने लिव्हरपुलात परिचारिकांची शाळा निघाली, शहराचे १८ विभाग पाडून प्रत्येक विभागाला परिचारिका नेमली गेली, आणि १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जमलेल्या निधीतून हीच योजना देशभर पसरली.

परंतु परिचारिका जखम धुऊन, पट्टी बांधून पुढच्या घरी जाते. मग चूल कोणी पेटवायची? पोरांना खाऊ कोणी घालायचे? म्हातारीचे लुगडे कोणी धुवायचे? हा प्रश्न प्रथम ओळखला तो लंडनच्या पूर्व भागातल्या गरीब ज्यू वस्तीने. १८९५ साली तेथे एक मंडळी स्थापन झाली. बाळंतिणीच्या अथवा आजाऱ्याच्या घरी घरकामाला पगारी बाई पाठवावी, एवढाच तिचा उद्योग. १९१८ च्या माता-बालक कल्याण कायद्याने नगरपालिकांना अशाच बायका बाळंतिणींसाठी नेमण्याची मुभा दिली. दुसऱ्या महायुद्धात पुरुष रणांगणावर आणि तरुण स्त्रिया कारखान्यांत गेल्या, घरी म्हातारीकोतारी उरली. तेव्हा १९४४ साली ही मदत आजारी आणि वृद्ध ह्यांनाही लागू झाली. १९४६ चा राष्ट्रीय आरोग्य सेवेचा कायदा जुलै १९४८ पासून अमलात आला, त्यातही ह्या कामाला जागा मिळाली, पण ऐच्छिक म्हणून. नगरपालिकेला वाटले तर तिने ते करावे. १९६८ च्या कायद्याने ऐच्छिकाचे बंधनकारक केले. म्हणजे बाळंतिणीपासून निघालेली ही वाट वृद्धाच्या उंबऱ्यापर्यंत पोचायला पन्नास वर्षे लागली.

ह्या बाईला तिकडे ‘होम हेल्प’ म्हणत. ती नगरपालिकेची नोकर असे. शेगडीतली राख काढावी, कोळसा आणावा, बाजार करावा, स्वयंपाक करून ठेवावा, असे तिचे काम. आठवड्यातून ठरल्या दिवशी ती दीड-दोन तासांसाठी येई, आणि पुष्कळ ठिकाणी तीच बाई वर्षानुवर्षे येत राही. ह्या जुन्या व्यवस्थेला आम्ही सोन्याचा मुलामा देऊ इच्छित नाही. पगार तुटपुंजा होता. संध्याकाळी अथवा सुटीच्या दिवशी मदत क्वचितच मिळे. घरात मुलगी असली की ‘ती पाहून घेईल’ असे गृहीत धरून मदत नाकारली जाई. अंघोळ घालणे तर तिच्या कामात बहुधा धरलेच नव्हते. ह्या अंघोळीवरून पुढे तिकडे मोठा वाद माजला. अंघोळ वैद्यकीय मानली तर ती आरोग्यखात्याची आणि म्हणून फुकट. सामाजिक मानली तर ती नगरपालिकेची आणि ऐपतीप्रमाणे पैसे मोजून घ्यायची. अंग तेच, पाणी तेच, साबण तोच. पण कोणत्या खात्याच्या तांब्याने पाणी ओतायचे हे ठरेपर्यंत म्हातारा पारोसाच! असो. इतके दोष असूनही त्या व्यवस्थेत दोन गोष्टी होत्या: बाईला सवड होती, आणि दारात दिसणारा चेहरा ओळखीचा होता.

ह्यानंतर हिशेबनीस आले. त्यांचेही म्हणणे आधी नीट ऐकून घेतले पाहिजे. १९७९ च्या सुमारास खाजगी वृद्धाश्रमांत राहणाऱ्यांसाठी ब्रिटिश सरकार सामाजिक सुरक्षेच्या खात्यातून वर्षाला सुमारे एक कोटी पौंड खर्च करी. दहा वर्षांत तो आकडा शंभर कोटींच्या पुढे गेला. वृद्धाला आश्रमात घातले की पैसे सरकारचे, घरी ठेवले की नगरपालिकेचे. तेव्हा आश्रमच भरू लागले. ह्यावर उपाय सुचविण्याचे काम रॉय ग्रिफिथ्स ह्या गृहस्थांकडे गेले. ते एका मोठ्या किराणा दुकानसाखळीचे कारभारी होते. त्यांचा अहवाल १९८८ साली आला, कायदा १९९० साली झाला, आणि एप्रिल १९९३ पासून त्याचा अंमल सुरू झाला. माणसाला शक्यतो त्याच्या घरीच ठेवावे, हे त्यातले तत्त्व उत्तमच होते. पण त्याच्या शेपटीला एक अट बांधलेली होती. इंग्लंडमधल्या नगरपालिकांना ह्यासाठी जे नवे अनुदान मिळे, त्यातले शेकडा ८५ खाजगी अथवा बिनसरकारी संस्थांवरच खर्च झाले पाहिजे. नगरपालिकेने स्वतः चाकर ठेवू नये, ठेका द्यावा. १९९० च्या आरंभी घरच्या सेवेच्या शंभर तासांपैकी पंचाण्णवाहून अधिक तास नगरपालिकेच्या स्वतःच्या बायका भरीत. वीस वर्षांत चित्र उलटले, आणि शंभरातले ऐंशीहून अधिक तास ठेकेदारांकडे गेले.

त्याचबरोबर आणखी एक फरक पडला. १९९२ साली इंग्लंडात पाच लाखांहून अधिक घरांत ही मदत जात होती. दहा वर्षांनी घरांची संख्या चार लाखांच्याही खाली आली, परंतु कामाचे एकूण तास वाढले. ह्याचा अर्थ उघड आहे. ज्यांना थोडीशी मदत लागे त्यांना यादीतून गाळले, आणि जे अगदीच परावलंबी होते तेवढे ठेवले. केर काढणे, बाजार करणे मागे पडले. अंघोळ, शौच, कपडे, जेवण, औषधाच्या गोळ्या हेच मुख्य काम झाले. म्हणजे काम अधिक नाजूक आणि अधिक जबाबदारीचे झाले, आणि नेमका त्याच वेळी त्या कामाचा ठेका सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला मिळू लागला.

ठेकेदाराने दर कमी केला तो कशातून? शुश्रूषेच्या धंद्यात यंत्र नाही, कच्चा माल नाही. वेतन आणि वेळ ह्या दोनच गोष्टी कातरता येतात. म्हणून दोन तासांचा एक तास झाला, तासाचा अर्धा तास झाला, आणि शेवटी पाव तासाची भेट निघाली. घरात शिरल्यावर फोन लावून हजेरी द्यायची, निघताना पुन्हा फोन लावायचा; मधल्या मिनिटांचे तेवढे पैसे. एका घराहून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळ बहुतेक ठिकाणी बिनपगारी. आम्ही येथे एक साधे गणित मांडतो. समजा, एका सेविकेने सकाळी पाव-पाव तासाच्या बारा भेटी केल्या. पगार झाला तीन तासांचा. दोन घरांमध्ये दहा मिनिटांचे अंतर धरले तर अकरा वेळच्या प्रवासाची एकशे दहा मिनिटे झाली. म्हणजे जवळजवळ पाच तास राबून तीन तासांची मजुरी. ठरलेला दर कागदावर कायदेशीर दिसतो. प्रत्यक्ष हातात पडते ते किमान वेतनाच्या खाली घसरते. आणि हे गणित केवळ आमच्या कल्पनेतले नव्हे. ब्रिटिश महसूल खात्याने २०१३ साली ८० संस्थांच्या तपासण्यांचा निकाल जाहीर केला, तेव्हा सुमारे निम्म्या संस्था किमान वेतनाचा कायदा मोडताना आढळल्या.

त्याच्या जोडीला ‘शून्य तासांचा करार’ आला. नोकरी आहे, पण उद्या किती तास काम मिळेल ह्याची हमी शून्य. आमच्या गिरणगावातल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. बदलीवाला सकाळी गिरणीच्या दारात येऊन उभा राही आणि काम मिळेल न मिळेल हे मुकादमाच्या मर्जीवर असे, तीच ही गोष्ट. फरक एवढाच की गिरणीत बदलीवाल्याच्या हाताखाली साचा असे, आणि येथे जिवंत माणूस आहे.

आता ही पाव तासाची भेट आतून पाहू. दार उघडायचे, फोनवर हजेरी लावायची, म्हाताऱ्याला उठवून बसवायचे, शौचाला न्यायचे, अंग पुसायचे, कपडे चढवायचे, चहा-पाव द्यायचा, गोळ्या द्यायच्या, वहीत नोंद करायची, निघायचे. सदऱ्याची बटणे त्याची त्याला लावता येतात, पण बोटे थरथरतात आणि पाच मिनिटे लागतात. सेविका ती अर्ध्या मिनिटात लावून टाकते. तिला लावावीच लागतात. अशा रीतीने काही महिन्यांत तो बटणे लावणे विसरतो. घाई वरवर केवळ कठोर दिसते. प्रत्यक्षात ती माणसाची उरलीसुरली शक्तीही काढून घेते. वेळ वाचविणाऱ्या हिशेबनिसाच्या वहीत हे नुकसान कोठेच लिहिलेले नसते.

हे सारे चव्हाट्यावर आले ते २०११ च्या नोव्हेंबरात. समता आणि मानवी हक्क आयोग ह्या सरकारस्थापित संस्थेने वृद्धांच्या घरच्या सेवेची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला. न्यायाने सांगितले पाहिजे की, साक्ष देणाऱ्या वृद्धांपैकी सुमारे निम्मे आपल्या सेवेवर समाधानी होते. पण उरलेल्यांच्या हकिकती वाचवत नाहीत. कोणाच्या हाताशी अन्नपाणी ठेवलेले नाही, कोणाला तिन्हीसांजेलाच अंथरुणात घातलेले, कोणाची लाज राखलेली नाही. एका बाईच्या घरी दोन आठवड्यांत ३२ वेगवेगळ्या सेविका येऊन गेल्या. बत्तीस अनोळखी माणसांसमोर वस्त्रे उतरविणे म्हणजे काय, ह्याचा श्रोत्यांनीच विचार करावा. शिवाय, काल घोट्यावर सूज नव्हती आणि आज आहे, कालचा पाव तसाच पडला आहे, हे काल आलेल्या बाईलाच कळते. रोज नवी येणारी बाई हे पाहणार कशी?

कामगार संघटनांनी ह्या प्रश्नाला हात घातला तो येथून. युनिसन ह्या संघटनेने २०१२ साली ४३१ सेविकांकडून उत्तरे मागविली. शंभरातल्या ७९ जणींनी सांगितले की, काम उरकते घ्यावे लागते किंवा रुग्णाला वेळेआधी सोडून जावे लागते. शंभरातल्या ५८ जणींना प्रवासाच्या वेळेचा पगार मिळत नव्हता. ह्यानंतर संघटनेने एक सनद तयार केली आणि ती नगरपालिकांपुढे ठेवली. भेटीचा वेळ रुग्णाच्या गरजेवरून ठरावा, पाव तासाच्या भेटी बंद व्हाव्यात, प्रवासाचा पगार मिळावा, शक्यतो तीच सेविका जावी, शून्य तासांचे करार मोडावेत, आजारपणाची रजा आणि पोट भरेल असे वेतन मिळावे, अशी तिची कलमे. ह्या मागण्यांत एक वैशिष्ट्य आहे. त्यांतल्या कोणत्या रुग्णाच्या आणि कोणत्या सेविकेच्या, अशी वाटणी करू गेले तर ती करता येत नाही. लंडनमधील इझलिंग्टन आणि सदर्क ह्या नगरपालिकांनी सनद आरंभीच स्वीकारली. २०१४ च्या नव्या कायद्याखालील मार्गदर्शनात सरकारनेच म्हटले की, अंघोळ-शौचासारख्या खाजगी गरजांसाठी पाव तासाची भेट योग्य नव्हे. पण मार्गदर्शन म्हणजे हुकूम नव्हे, आणि पाव तास सगळीकडून हटला नाही. प्रवासाच्या पगारासाठी लंडनच्याच हॅरिंगे भागातल्या सेविकांना न्यायाधिकरणापर्यंत जावे लागले. तेथे २०२० साली निकाल त्यांच्या बाजूने लागला.

ग्लासगो शहराची गोष्ट तर प्रत्येक कामगाराने माहीत करून घ्यावी. तेथे नगरपालिकेच्या वेतनश्रेणीत घरोघर सेवा करणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांना तेवढ्याच तोलामोलाच्या पुरुषी कामांहून कमी मिळे. ऑक्टोबर २०१८ मध्ये आठ हजारांहून अधिक स्त्रियांनी दोन दिवसांचा संप केला. कचरा उचलणाऱ्या पुरुष कामगारांनी त्यांची रांग ओलांडण्यास नकार दिला. ‘म्हाताऱ्यांना वाऱ्यावर सोडता काय?’ असा प्रश्न ह्या स्त्रियांना विचारला गेला. हा प्रश्न शुश्रूषा करणाऱ्याला नेहमीच विचारला जातो. तिचा वेळ कापणाऱ्याला तो कोणी विचारीत नाही. जानेवारी २०१९ मध्ये तडजोड झाली आणि थकलेल्या समान वेतनापोटी पन्नास कोटी पौंडांहून अधिक रक्कम द्यावी लागली.

ह्यावर कोणी म्हणेल, पैसा आणायचा कोठून? हा आक्षेप खोटा नाही, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे, आणि ते उत्तर शेजारच्या हॉलंडमध्ये सापडते. तेथेही शुश्रूषेचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला मिनिटे लावून दिली होती. २००६ च्या सुमारास योस द ब्लोक ह्या परिचारकाने काही सोबत्यांना घेऊन ‘ब्यूर्टझोर्ग’ ही संस्था काढली. तिच्या नावाचा अर्थ शेजारची शुश्रूषा. बारापर्यंत परिचारिकांचा एक गट, त्याच्याकडे एक वस्ती, वर मुकादम नाही, कामाची वाटणी त्यांची त्यांनीच करायची. तासाचा दर चढाच होता. पण मंजूर तासांपैकी पुष्कळ कमी तास लागले, कारण रुग्णाला पुन्हा स्वतःच्या हाताने बटण लावायला शिकविण्याइतकी सवड ह्या परिचारिकांना होती.

ब्रिटनने मात्र माणसे टिकविण्याऐवजी ती बाहेरून आणण्याचा मार्ग धरला. इंग्लंडात २०२१-२२ मध्ये वृद्ध व अपंगांच्या सेवेतल्या सुमारे १,६५,००० जागा रिकाम्या होत्या. फेब्रुवारी २०२२ पासून ह्या कामासाठी परदेशी माणसांना परवाने मिळू लागले, आणि भारतातून, नायजेरियातून, झिंबाब्वेतून हजारो माणसे गेली. त्यांतल्या कित्येकांनी दलालांना कर्ज काढून पैसे भरले होते, आणि तेथे पोचल्यावर कबूल केलेले काम मिळालेच नाही. जुलै २०२५ मध्ये हे दार नव्या परदेशी उमेदवारांना बंद झाले. म्हणजे ही हकिकत आता केवळ विलायतेची राहिलेली नाही.

आणि आपल्या गावाचे काय? ज्या पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी ह्या वसंत व्याख्यानांची प्रथा पाडली, त्याच पुण्यात रमाबाई रानडे ह्यांच्या पुढाकाराने १९०९ साली सेवासदन उभे राहिले आणि विधवा स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट मोकळी झाली. शुश्रूषा हे शिकण्याचे आणि सन्मानाने पोट भरण्याचे काम आहे, हा विचार आपल्याला परका नाही. पुण्याच्याच मोलकरणींनी १९८० साली संप करून घरकाम हेही काम आहे असे बजावले. २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. २०११ साली जिनिव्हाला घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय ठराव झाला, तेव्हा भारताने त्याच्या बाजूने मत दिले. परंतु त्यावर बांधून घेणारी सही अद्याप केलेली नाही.

आज आपल्या शहरांत मुले परगावी, आईवडील घरी, आणि त्यांच्यापाशी ब्यूरोने पाठविलेली ‘मावशी’ बारा तासांच्या पाळीवर, हे चित्र नवे राहिलेले नाही. मावशी म्हणताना नाते जोडले जाते, पण तिची साप्ताहिक सुटी, तिचे जेवण आणि ब्यूरोने कापलेली रक्कम ह्यांचा विषय निघाला की नाते आटते. आमच्याकडे गाऱ्हाणी घेऊन येणाऱ्या बायकांपैकी कित्येकींना घरमालक ब्यूरोला महिना किती देतो हेच ठाऊक नसते. आणि घरमालकालाही तिच्या हाती किती पडते हे ठाऊक नसते. दोघांमध्ये पडदा आहे, आणि पडद्याआडचा नफा दोघांच्याही खिशातून जातो.

म्हणून आमची श्रोत्यांना विनंती आहे. आपल्या घरी शुश्रूषेला बाई ठेवाल तेव्हा ती प्रेमळ आहे की नाही हे जरूर पाहा. पण त्याआधी तीन प्रश्न विचारा. मी देतो त्यातले तिच्या हाती किती पडतात? तिचे काम नीट करायला तिला पुरेसा वेळ आणि पुरेशी झोप आहे काय? आणि उद्या दारात येणारी बाई कालचीच असेल काय? ब्यूरोवाला उत्तर द्यायला टाळाटाळ करील, तेव्हा आग्रह धरा. एकट्याने धरून भागले नाही, तर शेजाऱ्यांना घेऊन धरा, आणि त्या बायकांच्या संघटनेलाही सोबत घ्या. विलायतेला हे तीन प्रश्न विचारायला उशीर झाला, आणि त्या उशिराची किंमत तेथल्या वृद्धांनी आणि सेविकांनी मिळून भरली. आपल्याला ते आजच विचारता येतील.